टोपलीभर भोपळे: खायचे कुठले, शोभेचे कुठले?

ओहायोची_ओवी
ऑक्टोबर लागला की इथे भोपळ्यांना पूर येतो. ग्रोसरीच्या दारात लाकडी खोकी, चर्चच्या हिरवळीवर रांगा, लोकांच्या पायऱ्यांवर ढीग. शेजारच्या आजींनी आम्हाला एक टोपली भरून दिली आहे, जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवायला. सासूबाई सध्या साताऱ्याहून आल्या आहेत आणि त्यांचं रोज एकच चाललंय, "एवढे भोपळे घरात असून नुसते बघत बसायचं?" त्यांना घारगे करायचे आहेत.

फोटो चढत नाहीये, म्हणून वर्णन करते. तळहातावर मावतील असे दोन चपटे, केशरी, फाका पडलेले. एक काळपट हिरवा, खोल खाचांचा, खाली निमुळता. एक लांबट, फिकट पिवळा, त्यावर हिरव्या रेघा. एकाने चक्क पगडी घातली आहे: वर लाल, खालून पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचा. पेरूएवढे चार-पाच आहेत, त्यात एक अर्धा पिवळा अर्धा हिरवा, एक चामखिळींनी भरलेला, एकाला सगळीकडून बोटं फुटलेली. आणि एक लांब वाकड्या मानेचा, हिरव्यावर पांढरे ठिपके.

यातलं खायचं काय? मी "हे शोभेचे असतात" एवढंच सांगून वेळ मारून नेली आहे, पण त्यांना ते पटलेलं नाही. भोपळा तो भोपळा, म्हणतात.

वऱ्हाडी_ठेचा
सासूबाईचं बराबर हाये. घरात कोहळं अन् भाजी नाही, असं कसं? बाकरभाजी टाका मस्त. खसखस, चारोळी, खोबरं भाजून घ्या, फोडी मोठ्या ठेवा.

माळीबुवा
ठेचाभाऊ, जरा दमानं. ओवीताई, सासूबाईंना सुरी खाली ठेवायला सांगा. तुमच्या टोपलीत खायचे आणि न खायचे एकत्र आहेत, आणि या तयार टोपल्यांची खोड हीच असते.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, मागच्या अंगणात दरवर्षी वेल लावतो, त्यावरून सांगतो. केशरी चपटे बहुतेक 'जॅक बी लिटल'. लोक शोभेला ठेवतात, पण खाता येतात. वरची चकती कापून, बिया काढून, अख्खे भाजायचे. काळपट हिरवा खाचांचा तो एकॉर्न. लांबट रेघांचा डेलिकाटा, आणि टोपलीतला सगळ्यात चविष्ट हाच: साल इतकी पातळ की सोलायची गरज नाही, चकत्या करून तेलावर परता. पगडीवाला 'टर्क्स टर्बन'. तोही खाण्यातलाच, पण पाणचट असतो आणि कापताना घाम काढतो. त्याला पगडीसकट टेबलावर बसू द्या.

पेरूएवढे सगळे शोभेचे. बोटं फुटलेला 'क्राउन ऑफ थॉर्न्स' नावाने विकतात. यातलं काहीही पातेल्यात जाता कामा नये. वाकड्या मानेचा ठिपकेवाला तर या मंडळींच्या घरातलाच नाही, तो आपल्या दुधीचा भाऊबंद. वाळवून रंगवण्यासाठी लावतात. तोही नको.

पण हे झालं वर्णनावरून. नुसत्या वर्णनावर भरवसा ठेवून मी स्वतः जेवणार नाही.

ओहायोची_ओवी
बुवा, मग खात्रीची खूण काय? आई मंडईत नखानं टोचून बघायची. आणि इथे एकीनं सांगितलं की देठ बघायचा.

माळीबुवा
नखाची परीक्षा कोवळेपणाची. दुधी, दोडका आपण कोवळा खातो, म्हणून नख रुतलं पाहिजे. बटरनट किंवा एकॉर्न पूर्ण पिकवून खातात, तिथे उलटं: नख रुतलं तर फळ कच्चं तोडलंय. शोभेच्या भोपळ्यातही नख रुतत नाही. म्हणजे खायचा की शोभेचा, हे नख सांगू शकत नाही.

देठ मात्र बरंच सांगतो. बाजारातले बहुतेक भोपळे कुकुरबिटा वंशाच्या तीन जातींत बसतात. काबोचा, बटरकप, हबर्ड, रेड कुरी, राखाडी-निळा जॅरडेल, शर्यतीतले अवाढव्य भोपळे, तुमचा पगडीवाला, हे सगळे मॅक्झिमा. त्यांचा देठ जाड, गोलसर, बुचासारखा. दुसरी जात मोश्चाटा: बटरनट, मेक्सिकन दुकानातला कॅलाबाझा आणि आपला लाल भोपळा. देठ टणक, पाच कोनांचा, आणि फळाला चिकटतो तिथे फुलीसारखा पसरलेला. तिसरी पेपो. देठ टणक, कंगोऱ्यांचा, खोल खाचांचा, हाताला टोचणारा.

शोभेचे लहान भोपळे जवळजवळ सगळे पेपो. म्हणून देठ मॅक्झिमा किंवा मोश्चाटाचा दिसला की काळजी पुष्कळ कमी होते. पेपोचा दिसला तर अडलं, कारण झुकिनी, एकॉर्न, डेलिकाटा, स्पगेटी स्क्वॉश आणि हॅलोविनला कोरतात तो भोपळा, सगळेच पेपो. त्यातही दोन शाखा आहेत. झुकिनी आणि कोरायचे भोपळे एका शाखेत. एकॉर्न, डेलिकाटा, वाकड्या मानेचा पिवळा क्रुकनेक आणि चपटा पॅटी पॅन हे दुसऱ्या शाखेत, आणि शोभेचे बहुतेक भोपळे याच शाखेतले. सख्खी चुलत भावंडं. चेहरे जुळणारच.

आणखी एक गोची. 'कार्निव्हल' नावाचा एक स्क्वॉश मिळतो, ठिपक्या-पट्ट्यांचा, इतका नटलेला की कोणीही शोभेचा समजून बाजूला ठेवेल. तो खायचा आहे. तेव्हा "साधा दिसतो तो खायचा, नटलेला तो शोभेचा" हा भ्रमाचा भोपळा आधी फोडा.

नुसतीच_वाचक
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही अशीच टोपली आली आहे.

शंकासुर
एवढा बाऊ कशाला? कडू लागला तर लागला. कारलं खातोच की आपण. मीठ लावून पिळायचं, गूळ घालायचा. काकडीचाही चीक काढतोच.

नाडीपरीक्षा
शंकासुर, बाऊ नाही. मी पुण्यात वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भोपळावर्गातल्या फळांत कुकुरबिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात. झाडाचं ते संरक्षण. हजारो वर्षांच्या निवडीतून खाण्याच्या वाणांतून ती जवळजवळ नाहीशी झाली, शोभेच्या वाणांत तशी निवड कोणी केलीच नाही. ही द्रव्यं शिजवून नष्ट होत नाहीत. उकळा, भाजा, कुकरच्या शिट्ट्या करा, फरक पडत नाही. गुळानं चव झाकली जाईल आणि तुम्ही जास्त खाल, म्हणजे उलट धोका वाढला. मिठाचंही तेच. काकडीचा चीक काढताना आपण देठाकडचं टोक कापून टाकतो आणि तिथेच कडूपणा जास्त असतो, म्हणून तिथे उपयोग झाल्यासारखा वाटतो. कडू दुधीला किंवा भोपळ्याला तो उपाय नाही.

कारल्याचा कडूपणा मुख्यतः मोमॉर्डिसिनसारख्या वेगळ्या द्रव्यांचा. नात्यातलीच, पण पिढ्यान्‌पिढ्या भाजीच्या प्रमाणात पचवलेली. कारलं कडू असणं अपेक्षित आहे. दुधी कडू असणं अपेक्षित नाही, आणि तोच इशारा आहे.

त्रास काही मिनिटांत ते काही तासांत सुरू होतो: पोटात मुरडा, जोराच्या उलट्या, जुलाब, कधी उलटीतून रक्त, रक्तदाब कोसळणं. यावर उतारा असं औषध नाही. सलाइन देऊन, रक्तदाब सांभाळून रुग्णाला त्यातून बाहेर काढायचं असतं. दिल्लीत २०१० मध्ये दुधीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. पुढे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या प्रकरणांचा अभ्यास केला आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आला. पुण्यातही २०१८ मध्ये दुधीच्या रसानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या होत्या. समितीचा सल्ला साधा आहे: रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखा, कडू असेल तर सगळा टाका, आणि दुधीच्या रसात दुसरे रस मिसळू नका. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. दुधीत कारलं मिसळलं की कडूपणा कोणाचा ते कळायला मार्गच राहत नाही.

रसाचा धोका भाजीपेक्षा जास्त, कारण अख्खा दुधी पेलाभर होतो आणि घटाघट पोटात जातो.

शंकासुर
बरं, मानलं. पण मग सगळ्यांच्या आजी-पणजी कशा वाचल्या?

ओहायोची_ओवी
तुमचा प्रश्न मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अरे, दुधी चिरायच्या आधी देठाकडची चकती तोंडात टाकूनच बघतात की. घोसाळं, दोडका, काकडी, सगळ्याचं तेच. ते काय सांगायचं असतं?" म्हणजे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कोणी सांगितलं नव्हतं.

माळीबुवा
सासूबाईंना दंडवत. खात्रीची परीक्षा तीच. खाण्याच्या भोपळ्यालाही लावायची. कच्च्या गराचा अगदी छोटा तुकडा जिभेवर ठेवा, चावा, थुंका. कच्चा बटरनट गोडसर लागतो, काकडी-गाजराच्या मधला. एकॉर्न पिठूळ, सपक. सपक चालेल. कडू लागला की अख्खं फळ कचऱ्यात. "एवढासाच कडू आहे" हा हिशेब करायचा नाही.

मात्र ही परीक्षा पेरूएवढ्या शोभेच्या फळांवर करत बसू नका. ते चाखायचेही नाहीत. त्यांच्या सालीवर बरेचदा मेण किंवा व्हार्निश असतं, काही रंगवलेले असतात.

दुकानातल्या दुकानात ओळखायचं तर फळाआधी पाटी वाचा. भाजीच्या विभागात, पौंडाच्या भावाने, नावाची चिकटपट्टी लावलेला असेल तर तो खाण्यासाठी विकायला ठेवलेला माल. फुलांच्या बादल्यांशेजारी, नगावर, नुसतं 'गोर्ड्स' किंवा 'ऑर्नामेंटल' लिहिलेला असेल तर शोभेचा. शेतावरच्या दुकानात सरळ नाव विचारा. शेतकऱ्याला नाव सांगता आलं नाही तर तो भोपळा टेबलावर.

म्युनिककर
इथे जर्मनीत दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रं याची आठवण करून देतात, त्याचं कारण २०१५ ची हायडेनहाइमची घटना. ७९ वर्षांचे गृहस्थ, शेजाऱ्याच्या बागेतली झुकिनी, घरात शिजवलेली साधी भाजी. चव कडू होती तरी त्यांनी खाल्ली. बायकोनं थोडीच खाल्ली, ती वाचली, ते गेले. झुकिनी दिसायला अगदी नेहमीची. म्हणजे ओवीताई, प्रश्न तुमच्या चामखिळीवाल्यापुरता नाही.

बागवाल्यांना इथे सांगतात की झुकिनीचं बी घरी धरू नका, दरवर्षी विकत घ्या. त्यामागचं शास्त्र माळीबुवांनी सांगावं.

परसबाग_न्यूजर्सी
मलाही तेच विचारायचंय. गेल्या हिवाळ्यात शोभेचे भोपळे कंपोस्टमध्ये टाकले होते. यंदा तिथे आपोआप वेल आला, जोरदार, आणि झुकिनीसारखी लांबट हिरवी फळं धरलीत. दिसतात फार सुंदर. खाऊ का? पलीकडच्या वाफ्यात या वर्षीची झुकिनीही आहे, तिच्यावर या वेलाचे पराग गेले असतील तर तीही बिघडली का?

माळीबुवा
कंपोस्टवरची खाऊ नका. या धाग्यातलं सगळ्यात स्पष्ट उत्तर.

आता कारण. पेपोच्या दोन वाणांत संकर सहज होतो, मधमाशीला वाण कळत नाही. पण परागाचा परिणाम या वर्षीच्या फळाच्या गरावर होत नाही. गर आईचा, बापाचा वाटा फक्त आतल्या बियांत. म्हणून विकतच्या बियाण्यातून लावलेली यंदाची झुकिनी शेजारच्या शोभेच्या वेलामुळे कडू होणार नाही, ती खा. पण तिचंच बी धरून पुढच्या वर्षी लावलंत, की त्या वेलावर येणारी फळं अर्धी शोभेच्या भोपळ्याची. कडूपणाचा गुण प्रभावी आहे, एका बाजूने आला तरी उतरतो. वरून दिसायला झुकिनी, आतून विष. तुमच्या कंपोस्टवरचा वेल नेमका याच जातकुळीचा, फक्त त्याचे आईबाप कोण ते आपल्याला ठाऊक नाही.

बी धरायचंच असेल तर आदल्या संध्याकाळी, उमलण्याआधी, नर-मादी दोन्ही फुलांची तोंडं बांधायची, सकाळी हाताने परागण करून मादी फूल पुन्हा बांधायचं. किंवा सोपा मार्ग, लाल भोपळ्याचं म्हणजे मोश्चाटाचं बी धरा. पेपोशी त्याचा संकर सहजासहजी होत नाही. दुधीचा तर कुठल्याच कुकुरबिटाशी होत नाही. फुलंच बघा ना: भोपळ्याची पिवळी, सकाळी उमलतात, दुधीची पांढरी, संध्याकाळी.

विषय निघालाच आहे तर एक गंमत. जंगली भोपळे मुळात कडूच. फ्लोरिडात मास्टोडॉनच्या, म्हणजे हत्तीच्या नात्यातल्या नामशेष प्राण्याच्या शेणाच्या थरांत जंगली भोपळ्याच्या बिया सापडल्या आहेत. एवढ्या धिप्पाड जनावराला त्या कडूपणाचं काही वाटत नसणार. माणसाने मेक्सिकोत पेपोची लागवड सुरू केली त्याला सुमारे दहा हजार वर्षं झाली. आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिकेचाच, पोर्तुगीज काळानंतर आपल्याकडे रुळला आणि आता उपवासाला चालतो! ओवीताईंच्या सासूबाईंना सांगा, त्या माहेरच्या भाजीच्या माहेरी आल्या आहेत.

परसबाग_न्यूजर्सी
उपटला वेल. नवऱ्याला वाईट वाटलं, पण धागा वाचायला दिल्यावर गप्प झाला.

तरफ
तुम्ही सगळे कडू भोपळ्याला नावं ठेवताय, म्हणून आमच्या बाजूने चार ओळी. माझं सतारीचं शिक्षण मिरजेत झालं. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. हा लॅजेनारिया वंशातला, दुधीचा थोरला भाऊ, कडू आणि जाड सालीचा. वेलावर पूर्ण वाळू देतात, मग भिजवून, कापून, आतला गर खरवडून काढतात. कारागीर सांगतात की कडू असल्यामुळे त्याला कीड कमी लागते. गोड दुधीचा तंबोरा करून बघा, पावसाळा काढणार नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

तेव्हा ओवीताई, तो वाकड्या मानेचा टाकू नका. हवेशीर जागी उलटसुलट करत ठेवा, वरून बुरशी आली तरी घाबरू नका, पुसून घ्या. हलवल्यावर आत बिया वाजायला लागल्या की वाळला.

मांडवीकाठ
गोंयांत चवथीक, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळी बांधतात, गणपतीच्या वर टांगलेली फळांची चौकट, त्यात लालभडक कवंडळं लागतातच. तीही याच कुळातली, पडवळाच्या वंशातली. तळकोकणात माटवीला तीच. दिसायला इतकी देखणी की लहान मुलं हात लावल्याशिवाय राहत नाहीत, आणि खाण्यातली अजिबात नव्हेत. त्याच माटोळीला शेजारी नारळ, तवशीं (काकड्या), निरफणस टांगलेले, जे चवथ झाल्यावर खाल्ले जातात. आमच्याकडे पोरांना हे कोणी बसवून शिकवत नाही, रानातून आणतानाच कळतं. शहरात विकतची माटोळी बांधणाऱ्यांनी मात्र पोरांवर लक्ष ठेवावं.

नाडीपरीक्षा
मांडवीकाठ, चांगलं आठवलंत. एक जोड: सर्दीने किंवा वयाने चव मंदावलेली माणसं घरात असतील तर चाखायचं काम त्यांच्याकडे देऊ नका. आणि एकाच ताटातलं दोघांना कडू लागलं तर तिसऱ्याने खात्री करायला खाऊ नये, हे लिहायला हसू येतं, पण होतं असं. अमेरिकेतल्या मंडळींनी पॉइझन कंट्रोलचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा: १-८००-२२२-१२२२, दिवसरात्र चालू असतो. उलट्या सुरू झाल्या तर धाग्यावर विचारत बसू नका, दवाखाना गाठा. आणि उरलेलं फळ सोबत न्या.

ओहायोची_ओवी
अपडेट. शेजारच्या आजींना विचारलं, टोपली कुठून घेतली. नर्सरीतून, फुलांच्या विभागातून, आणि खाली बारीक अक्षरात 'फक्त सजावटीसाठी' असं लिहिलेलं होतं. मग बुवांची पाटीची कसोटी लावली तर अख्खी टोपलीच बाद, डेलिकाटासकट! एकॉर्नची साल खिडकीजवळ धरली तर चकाकत होती, बहुतेक मेण. सासूबाईंनी त्यावर नख ओढून बघितलं, नखात पांढरा थर आला, आणि त्यांनी स्वतःच सुरी आत ठेवली.

घारगे मात्र हवेच आहेत. कुठला भोपळा आणू? इंडियन स्टोअरमध्ये लाल भोपळ्याची चिरलेली फोड मिळते, पण ती आज फार शिळी दिसत होती.

माळीबुवा
घारग्यांना बटरनट किंवा काबोचा. काबोचा कोरडा, पिठूळ, चवीला लाल भोपळ्याहून गोड. गूळ कमी घाला. बटरनटला पाणी जास्त सुटतं, कीस वाफवून आटवून घ्या, नाहीतर कणीक ओढत बसाल आणि घारगे तेल पितील. हॅलोविनचा मोठा कोरायचा भोपळा आणू नका. विषारी नसतो, पण धागेदार आणि बेचव. आणि कोरून पायरीवर ठेवलेला तर मुळीच नको.

घाईत असाल तर डब्यातला भोपळ्याचा गर चालतो. मसाला घातलेला 'पाय फिलिंग'चा डबा मात्र उचलू नका, दोन्ही एकाच फळीवर असतात. या गराचं मोठं केंद्र इलिनॉयमधलं मॉर्टन गाव. तिथे डिकिन्सन नावाचा वाण वापरतात, तोही मोश्चाटाच. म्हणजे डब्यावरच्या चित्रात केशरी हॅलोविनचा भोपळा असला तरी आत बटरनटचा आणि आपल्या लाल भोपळ्याचा नातेवाईक असतो.

वऱ्हाडी_ठेचा
घारगे झाले की उरलेल्या बटरनटची बाकरभाजी करजा. फोडी सालीसकट ठेवू का सोलू, बुवा? आमच्या इकडे साल ठेवतेत.

माळीबुवा
काबोचाची ठेवा, शिजते. बटरनटची सोला, चिवट राहते. आणि भाऊ, फोडणीआधी एक तुकडा चाखा.

वऱ्हाडी_ठेचा
चाखतो ना बाप्पा. तुमी तं सासूबाईपेक्षा कडक हाव.